तंगीच्या काळात ग्रंथालयांकडे वाढता ओघ : रायपूरचा अनुभव आणि निधीचा प्रश्न

रायपूर शहरातील ग्रेट ईस्टर्न मार्गालगत, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या परिसरात उभारलेले 'नालंदा परिसर' हे ग्रंथालय २०१८ साली वाचकांसाठी खुले झाले. दिवसाचे चोवीस तास सुरू राहणारे सार्वजनिक ग्रंथालय ही छत्तीसगडमध्ये त्या वेळी नवी कल्पना होती. रात्री-अपरात्री तेथे कोण येणार, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात मात्र काही काळातच जागा अपुरी पडू लागली आणि सदस्यत्वासाठी प्रतीक्षायादी ठेवण्याची वेळ आली.

या प्रतिसादाची दखल राज्याच्या अर्थसंकल्पातही घेतली गेली. छत्तीसगडच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात नालंदा परिसराच्या धर्तीवर राज्यात २२ ठिकाणी ग्रंथालये उभारण्याची घोषणा करण्यात आली. हा अर्थसंकल्प मांडणारे अर्थमंत्री ओ. पी. चौधरी हे भारतीय प्रशासकीय सेवेत असताना रायपूरचे जिल्हाधिकारी होते आणि नालंदा परिसराची संकल्पना त्यांच्याच कारकिर्दीत आकाराला आली होती.

पुस्तके मोबाइलवर उपलब्ध होत असताना आणि वाचनाची आवड कमी होत असल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येत असताना ग्रंथालयात बसायला जागा मिळत नाही, हे चित्र वरवर पाहता विसंगत वाटते. तथापि, ग्रंथालयांचा इतिहास पाहिल्यास त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. घरखर्चाला कात्री लागते तेव्हा सार्वजनिक ग्रंथालयाचा वापर वाढतो, असा अनुभव अनेक देशांत आला आहे. अडचण अशी की, ज्या कारणांमुळे वाचक ग्रंथालयाकडे वळतो, त्याच कारणांमुळे ग्रंथालयाला पैसा देणाऱ्या संस्थांचे उत्पन्नही घटते. गरज आणि निधी यांची दिशा अशा वेळी परस्परविरुद्ध असते.

रायपूरमधील वाचनाची परंपरा

रायपूरला ग्रंथालये नवीन नाहीत. शहराच्या जुन्या भागातील कंकालीपारा येथील आनंद समाज वाचनालय विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आहे. अलीकडच्या काळात स्मार्ट सिटी योजनेतून या जुन्या वास्तूचे नूतनीकरण करण्यात आले. राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या देणगीतून १८७५ साली सुरू झालेले वस्तुसंग्रहालय आणि १९६४ साली स्थापन झालेले पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ यांमुळेही शहराला अभ्यासकांचे केंद्र म्हणून स्थान मिळाले.

मराठी वाचकांना या भागाचा आणखी एक धागा जवळचा वाटेल. छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि पुढे १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता. मराठीभाषक कुटुंबात जन्मलेले आणि हिंदी पत्रकारितेचे एक आद्य प्रवर्तक मानले जाणारे माधवराव सप्रे यांनी १९०० साली रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे यांच्या सहकार्याने 'छत्तीसगड मित्र' हे मासिक पेंड्रा येथून सुरू केले. समर्थ रामदासांचा 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेण्याचे कामही सप्रे यांनीच केले. या मासिकाला जाणकारांची वाहवा मिळाली, परंतु आर्थिक तोट्यामुळे ते जेमतेम तीन वर्षे चालले. वाचनाची गरज असणे आणि त्या गरजेसाठी नियमित पैसा उपलब्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रांताने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच अनुभवले होते.

आजच्या रायपूरमध्ये नालंदा परिसराखेरीज मोतीबाग येथे 'तक्षशिला' या नावाने दुसरे मोठे ग्रंथालय व वाचनकक्ष उभारण्यात आला आहे. दोन्ही ठिकाणी येणाऱ्यांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांचा भरणा मोठा आहे. राज्य लोकसेवा आयोग, छत्तीसगड व्यावसायिक परीक्षा मंडळ, रेल्वे, बँका आणि केंद्रीय सेवा यांच्या परीक्षांसाठी राज्याच्या सर्व भागांतून विद्यार्थी राजधानीत येतात. महाराष्ट्रात पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांमध्ये दिसणाऱ्या चित्राशी याचे बरेच साम्य आहे.

वापर का वाढतो?

पहिले कारण पुस्तकांच्या किमतीचे आहे. उदाहरणादाखल, ५०० रुपये किमतीचे एखादे संदर्भपुस्तक ग्रंथालयात ४० वाचकांनी वापरले, तर प्रत्येक वाचकामागे त्याचा खर्च साडेबारा रुपये पडतो. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला एकच नव्हे, तर इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थशास्त्र आणि गणित अशा विषयांची अनेक पुस्तके लागतात. शिवाय चालू घडामोडींची मासिके आणि दोन-तीन वृत्तपत्रेही लागतात. परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला की पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या घ्याव्या लागतात. हा भार एकट्याने उचलण्यापेक्षा वाटून घेणे केव्हाही परवडणारे असते.

दुसरे कारण जागेचे आहे आणि बहुधा तेच अधिक महत्त्वाचे आहे. दोन खोल्यांत राहणाऱ्या पाच-सहा जणांच्या कुटुंबात किंवा तिघा-चौघांनी भाड्याने घेतलेल्या खोलीत सलग आठ तास शांतपणे वाचत बसणे कठीण असते. रायपूरचा उन्हाळा कडक असतो; एप्रिल आणि मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. अशा वेळी पंखा, उजेड, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, इंटरनेट आणि निश्चित आसन या सोयी पुस्तकांइतक्याच मोलाच्या ठरतात. रात्री सुरक्षितपणे अभ्यास करता येईल अशी सार्वजनिक जागा मुलींना क्वचितच मिळते; त्यामुळे चोवीस तास खुल्या, देखरेख असलेल्या ग्रंथालयाचे त्यांच्या दृष्टीने वेगळे महत्त्व आहे.

तिसरे कारण रोजगाराशी संबंधित आहे. खासगी क्षेत्रात नोकऱ्या कमी झाल्या किंवा अस्थिर झाल्या की सरकारी नोकरीचे आकर्षण वाढते आणि तयारीचा काळही लांबतो. छत्तीसगड सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात राज्य लोकसेवा आयोग आणि व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या परीक्षांसाठी राज्यातील उमेदवारांचे शुल्क माफ करण्याची घोषणा केली. परीक्षेचे शुल्क माफ होऊ शकते. तयारीच्या दोन-तीन वर्षांतील खोलीभाडे, जेवण, शिकवणी आणि पुस्तके यांचा खर्च मात्र कुटुंबालाच करावा लागतो. या खर्चातील शिकवणी आणि पुस्तके हा भाग ग्रंथालय काही प्रमाणात हलका करते.

याचा अर्थ असा की, तंगी केवळ सरकारी तिजोरीत असते असे नाही. ग्रंथालयातील गर्दी ही बहुतेकदा घरोघरच्या अंदाजपत्रकातील तंगीची खूण असते.

अन्य देशांचा अनुभव

या घटनेचे सर्वांत ठळक उदाहरण १९२९ नंतरच्या जागतिक महामंदीत अमेरिकेत दिसले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या त्या काळातील आकडेवारीनुसार, १९२९ ते १९३३ या काळात सार्वजनिक ग्रंथालयांतून घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. काम गमावलेले लोक दिवसा वाचनकक्षात येऊन बसत, वृत्तपत्रांतील नोकरीच्या जाहिराती पाहत आणि नवे कौशल्य शिकण्यासाठी पुस्तके नेत. याच वर्षांत नगरपालिकांचे कर-उत्पन्न कोसळल्याने ग्रंथालयांची अनुदाने कापली गेली. शिकागोसारख्या मोठ्या शहरातही नव्या पुस्तकांची खरेदी काही काळ जवळजवळ थांबवावी लागली.

२००८ च्या आर्थिक संकटात हेच चित्र पुन्हा दिसले. फिलाडेल्फिया शहरात महापौरांनी २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ५४ पैकी ११ शाखा बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. नागरिकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि डिसेंबरच्या अखेरीस न्यायालयाने ही कार्यवाही रोखली. सिअॅटल शहरात २००९ साली पैसे वाचवण्यासाठी शहरातील सर्व सार्वजनिक ग्रंथालये एक आठवडा बंद ठेवण्यात आली. वापर वाढत असतानाच हे घडले.

ब्रिटनचा अनुभव याहून वेगळा आणि अधिक सावध करणारा आहे. २०१० नंतर तेथील स्थानिक संस्थांच्या निधीत मोठी कपात झाली. सार्वजनिक वित्त व लेखा क्षेत्रातील तेथील व्यावसायिक संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, २०१० पासून ७७३ ग्रंथालये बंद पडली. ही संख्या एकूण ग्रंथालयांच्या जवळजवळ एक पंचमांश आहे. याच काळात ग्रंथालयांना भेट देणाऱ्यांची संख्याही घटली. तंगीत वापर आपोआप वाढतो, हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे. दार उघडे असेल, वेळ सोयीची असेल आणि कपाटात नवी पुस्तके असतील, तरच वाचक येतो. या सोयी कमी झाल्या की वाचक घटतो आणि वाचक घटला म्हणून पुढील वर्षी आणखी कपात सुचवली जाते.

ग्रंथालयांना पैसा कोठून मिळतो?

भारतीय राज्यघटनेत ग्रंथालये हा विषय राज्यसूचीत आहे. त्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयांची मुख्य जबाबदारी राज्यांवर येते. केंद्र सरकारच्या वतीने कोलकाता येथील राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून पुस्तके, साहित्य आणि इमारतींसाठी साहाय्य देते. ग्रंथालयांसाठी पहिला राज्य कायदा मद्रास प्रांताने १९४८ साली केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, गोव्याचा १९९३ चा, तर छत्तीसगडचा २००८ चा आहे.

या कायद्यांमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे तो ग्रंथालय उपकराचा. तामिळनाडूत मालमत्ता कराच्या १० टक्के, तर कर्नाटकात ६ टक्के उपकर ग्रंथालयांसाठी आकारला जातो. केरळ आणि आंध्र प्रदेशातही उपकराची पद्धत आहे. गोव्याच्या कायद्यात मद्यावर ग्रंथालय उपकर आकारण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्राने मात्र उपकराऐवजी अनुदानाची पद्धत स्वीकारली आहे.

उपकराचा फायदा असा की, मालमत्ता कराचे उत्पन्न व्यापारातील चढ-उतारांनुसार फारसे बदलत नाही. मंदी आली तरी घरे आणि दुकाने जागेवरच राहतात. परिणामी ग्रंथालयाला दरवर्षी अंदाजपत्रकात नव्याने आपली गरज सिद्ध करावी लागत नाही. अर्थात, उपकर गोळा होणे आणि तो ग्रंथालयांपर्यंत पोहोचणे यांतही अंतर राहू शकते. बंगळूरु महानगरपालिकेने वसूल केलेल्या उपकराची मोठी रक्कम ग्रंथालय विभागाकडे थकल्याचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत राहिला.

अनुदानाच्या पद्धतीची मर्यादा महाराष्ट्रात दिसून येते. राज्यात अकरा हजारांहून अधिक अनुदानप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये असून त्यांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी करण्यात आली आहे. २०१२ नंतर या ग्रंथालयांच्या अनुदानाचे दर दहा वर्षे तसेच राहिले. या दहा वर्षांत पुस्तकांच्या किमती, वीजदर आणि राहणीमानाचा खर्च वाढतच होता. अखेर २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. त्यानुसार ड वर्गातील ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. महिन्याचा हिशेब केल्यास ही रक्कम ४ हजार रुपये होते. त्यातील साधारण निम्मा भाग वेतनावर खर्च करावयाचा असल्याने ग्रंथपालाच्या हाती किती पडते आणि पुस्तकांसाठी किती उरते, याची कल्पना सहज येऊ शकते.

इमारत आणि रोजचा खर्च

रायपूरच्या अनुभवातून पुढे येणारा प्रश्न येथेच आहे. शासकीय हिशेबात भांडवली आणि महसुली असे खर्चाचे दोन प्रकार असतात. इमारत, फर्निचर आणि संगणक हा भांडवली खर्च. तो एकदाच करावा लागतो, त्याचे उद्घाटन होते आणि त्यासाठी पैसा मिळवणे तुलनेने सोपे असते. अलीकडे त्यासाठी स्मार्ट सिटी योजना आणि कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी हेही मार्ग खुले झाले आहेत. छत्तीसगडच्याच रायगढ शहरातील नालंदा परिसरासाठी एनटीपीसी या सार्वजनिक क्षेत्रातील वीज कंपनीच्या अशा निधीचा आधार घेण्यात आला.

ग्रंथपालाचे वेतन, रखवालदार, साफसफाई, वीजबिल, नियतकालिकांची वर्गणी आणि दरवर्षीची पुस्तकखरेदी हा महसुली खर्च. तो कधीच संपत नाही आणि त्याचे उद्घाटनही होत नाही. चोवीस तास चालणाऱ्या ग्रंथालयाला तीन पाळ्यांत कर्मचारी लागतात. उन्हाळ्यात वीजबिल वाढते. हजारो हातांतून गेलेली पुस्तके लवकर जीर्ण होतात. वापर जितका अधिक, तितका हा खर्च अधिक. दुकानात गिऱ्हाईक वाढले की उत्पन्न वाढते. ग्रंथालयात वाचक वाढला की खर्च वाढतो. म्हणूनच निधी आखडला की सर्वप्रथम पुस्तकखरेदी थांबते, मग रिक्त पदे तशीच ठेवली जातात आणि शेवटी वेळ कमी केली जाते.

नालंदा परिसरात सदस्यांकडून मासिक शुल्क घेतले जाते आणि रोजच्या खर्चाला त्याचा हातभार लागतो. हा मार्ग व्यवहार्य आहे. रत्नागिरीचे १८२८ सालचे किंवा पुण्याचे १८४८ सालचे नगर वाचनालयही वर्गणीदारांच्या आधारानेच टिकून राहिले. मात्र वर्गणी हाच मुख्य आधार झाला, तर ज्याच्याकडे वर्गणीचे पैसे नाहीत तो बाहेर राहतो. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्यात ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः विनामूल्य असावी असे म्हटले आहे, त्यामागील विचार हाच आहे.

अभ्यासिका आणि ग्रंथालय

आणखी एका बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ग्रंथालयाचा वापर वाढला, असे म्हणताना नेमके काय मोजले जाते, हे पाहावे लागते. वाचनकक्षातील आसनांचा वापर, पुस्तकांची देवघेव आणि इमारतीत येणाऱ्यांची संख्या ही तीन वेगवेगळी मापे आहेत. रायपूरप्रमाणेच देशातील अनेक शहरांत प्रामुख्याने वाढला आहे तो आसनांचा वापर. मराठीत ज्याला आपण अभ्यासिका म्हणतो, त्या स्वरूपाची ही गरज आहे. अनेक विद्यार्थी स्वतःची पुस्तके घेऊन येतात आणि ग्रंथालयातील आसन वापरतात.

ही गरज खरी आहे आणि ती दुय्यम मानण्याचे कारण नाही. ज्या तरुणाला घरी टेबल नाही, त्याच्यासाठी ते आसनच ग्रंथालय असते. परंतु संपूर्ण नियोजन परीक्षार्थींना समोर ठेवून झाले, तर अन्य वाचक हळूहळू दूर जातात. शाळकरी मूल, निवृत्त शिक्षक, गृहिणी, वृत्तपत्र वाचण्यासाठी येणारा कामगार किंवा कथा-कादंबरी नेणारा वाचक यांना महिनाभर राखून ठेवलेले आसन नको असते. त्यांना घराजवळचे वाचनालय, तासभर बसण्याची मुभा आणि घरी नेता येणारे पुस्तक हवे असते. आनंद समाजासारखी जुनी वाचनालये हेच काम करण्यासाठी उभी राहिली होती. रायपूरमध्ये छत्तीसगढी, हिंदी, मराठी, ओडिया, बंगाली, तेलुगू आणि सिंधी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आहेत. त्यांच्या भाषांतील पुस्तके कोणत्याही परीक्षेच्या यादीत नसतात.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सिद्धांतांपैकी एकात प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे असे म्हटले आहे, तर अखेरच्या सिद्धांतात ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था असल्याचे सांगितले आहे. यातील वाढ केवळ इमारतीची नाही. ती संग्रहाची, वाचकांची आणि कर्मचाऱ्यांचीही आहे.

पुढे काय पाहावे?

छत्तीसगडमधील नवी ग्रंथालये जसजशी सुरू होतील, तसतसा त्यांच्या यशाचा हिशेब मांडला जाईल. आसनांची संख्या आणि परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावे ही मापे सहज उपलब्ध असतात. त्यांच्या जोडीला आणखी काही गोष्टी नागरिकांनी विचारण्यासारख्या आहेत. पुस्तकखरेदीसाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद आहे का? ग्रंथपालाची पदे नियमित आहेत की कंत्राटी? शुल्क भरू न शकणाऱ्या वाचकासाठी सवलत आहे का? मुलांसाठी आणि घरी पुस्तके नेणाऱ्यांसाठी वेगळा विभाग आहे का? शहरातील जुन्या वाचनालयांना या नव्या व्यवस्थेत जोडून घेतले आहे का?

हे प्रश्न केवळ रायपूरपुरते नाहीत. नागपूर, नाशिक किंवा कोल्हापूर येथील वाचकही ते आपल्या नगरपालिकेला आणि ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला विचारू शकतो. त्यासाठी योग्य वेळ अंदाजपत्रक तयार होत असतानाची असते. स्थानिक संस्थांची अंदाजपत्रके साधारणपणे फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत मांडली जातात. पुढील वर्षी आपल्या वाचनालयात किती नवी पुस्तके येणार आणि त्याचे दार किती तास उघडे राहणार, हे बहुतांशी त्या दोन महिन्यांतच ठरते.